मानसोपचाराने माणूस पालटतो तो कसा?

(मंडळाच्या यवतमाळ येथील वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



आपल्या संमेलनात व्याख्यानासाठी बहुधा एखादे संतचरित्र, शिक्षणाचे महत्त्व किंवा समाजाची एकजूट असे विषय निवडले जातात, आणि ते योग्यच आहे. यंदा कार्यकारिणीने मनाच्या दुखण्यांवर बोलण्याची मला आज्ञा केली, याबद्दल मी तिचा ऋणी आहे. या विषयावर आपल्या घरांतून बोलणे होते ते दार लोटून घेऊन, आणि तेही पुष्कळदा वेळ निघून गेल्यावर.

चिंतेचे हरण करणारा चिंतामणी आपल्याच जिल्ह्यात कळंबला आहे. त्याच्या पायाशी जाऊन मोकळे होणाऱ्यांची श्रद्धा मी लेशमात्र कमी लेखत नाही. परंतु देवदर्शनाहून परत आलेला माणूस पुन्हा त्याच ओसरीवर, त्याच खाटेवर, त्याच विचारांत जाऊन बसला तर पुढे काय, या प्रश्नाचे उत्तर शोधणारे एक शास्त्र गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत वाढीस लागले आहे. त्याला आपण मानसोपचार म्हणतो. त्यातही आज मी बोलणार आहे ते औषधांविषयी नव्हे, तर संभाषणातून होणाऱ्या उपचाराविषयी. औषधांचे स्थान निर्विवाद आहे. भ्रम होणे, भास होणे, झोप-जेवण सर्वस्वी तुटणे अशा तीव्र विकारांत औषधावाचून चालत नाही आणि तेथे नुसत्या बोलण्यावर विसंबणे हे धोक्याचे आहे, हे प्रथमच सांगून ठेवतो.

बोलण्याने उपचार होतो म्हटले की ऐकणाराच्या ओठांवर एक मंद हसू येते. 'बोलायचेच आहे, तर ते आम्ही घरी बोलत नाही काय?' असा त्याचा आशय असतो. बोलतो की! किंबहुना फारच बोलतो. 'धीर धर', 'मन घट्ट कर', 'तुझ्याहून वाईट दिवस लोकांनी काढले' हे सांगणारांचा आपल्याकडे कधीच तुटवडा नव्हता. उपदेशाने माणूस सुधारता, तर महाराष्ट्रात दुःखी माणूस औषधालाही सापडला नसता. समर्थांनी मनाचे श्लोक रचले ते मनालाच उद्देशून, आणि ते नित्य म्हणण्याचा परिपाठ घातला. मनाशी एकदा बोलून भागत नाही, त्याच्याकडून रोज गिरवून घ्यावे लागते, हे त्या चतुर पुरुषाने पुरते ओळखले होते. आपण मात्र श्लोक पाठ केले आणि गिरवण्याचे काम सोडून दिले.

मानसोपचारतज्ज्ञ आणि हितचिंतक नातलग यांतला भेद माझ्या मते येथेच आहे. नातलग सांगतो आणि निघून जातो. उपचारक सांगतो थोडे, विचारतो पुष्कळ, आणि माणसाच्या हातून काहीतरी करवून घेतो. पुढच्या आठवड्यात तो त्याचा हिशेब विचारतो. जमले नसेल तर रागावत नाही. का जमले नाही ते शोधून काम आणखी लहान करून देतो.

हे उदाहरणावाचून कळणार नाही, म्हणून एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, दारव्हा तालुक्यातील पन्नाशीचे एक गृहस्थ आहेत. कोरडवाहू दहा एकर, कपाशी आणि सोयाबीन. एका वर्षी बोंडअळीने कपाशी खाल्ली, दुसऱ्या वर्षी ऐन काढणीत पावसाने सोयाबीन काळे पडले. बँकेचे कर्ज आहे, सावकाराचे आहे, मेहुण्याचेही आहे. आरंभी हे गृहस्थ पारावर जाईनासे झाले, कारण तेथे कोणी पैशाचा विषय काढील. मग भजनाला जाणे सुटले. मग वावरात जाणे सुटले. दाढी वाढली, दुपार खाटेवर आणि रात्र टक्क डोळ्यांनी जाऊ लागली. घरची माणसे म्हणतात, 'अंगात आळस भरला.' भाऊ म्हणतो, 'जबाबदारी टाळतो आहे.' एखादी शेजारीण म्हणते, 'कोणी काही केले असेल, बाहेरचे बघा.'

आता या अवस्थेची घडण पाहा. मन खचले म्हणून माणूस घरात बसतो. घरात बसल्यामुळे दिवसातून दोन घटका सुख देणाऱ्या ज्या गोष्टी होत्या, म्हणजे ओळखीचा चेहरा, हातचे काम, टाळाचा नाद, त्या साऱ्या तुटतात. त्या तुटल्या म्हणून मन अधिक खचते. रहाटगाडगे उलटे फिरू लागते. यातून तो माणूस 'मन लागले की उठीन' असे म्हणत असतो, आणि ते प्रामाणिकपणे म्हणत असतो. मात्र मन लागण्याची वाट पाहणे हाच त्याच्या दुखण्याचा भाग झालेला असतो.

उपचारक त्याला 'आनंदी राहा' असे सांगत नाही. तो एक वही देतो. कोणत्या वेळी काय केले आणि तेव्हा मन किती जड होते, एवढेच लिहायचे. लिहिता येत नसेल तर मुलाकडून लिहवून घ्यायचे. आठवड्याने वही उघडली म्हणजे एखादी क्षुल्लक दिसणारी गोष्ट हाती लागते. सकाळी गाईचे दूध काढले त्या वेळी ओझे थोडे हलके होते. मंगळवारी धाकट्या नातीला शाळेत पोचवले, तेव्हाही. दुपारी एकटे पडून राहिले, तेव्हा मात्र सर्वांत जड. हे त्याला कोणी सांगितले असते तर पटले नसते, पण वही त्याच्याच घरची असते, आणि साक्षही त्याचीच.

तेथून पुढे काम सुरू होते. दूध रोज काढायचे, ठरल्या वेळी, मन असो वा नसो. नातीला तीन दिवस पोचवायचे. दुपारी एक घटका वावराच्या बांधापर्यंत जाऊन यायचे. वावरात काम करण्याचे बंधन नाही, बांधापर्यंतच. इतके लहान काम दिलेले पाहून घरच्यांना हसू येते, परंतु ते मुद्दाम लहान ठेवलेले असते, कारण खचलेल्या माणसाला आणखी एका पराभवाची गरज नसते. तिसऱ्या-चौथ्या भेटीत कर्जाचा विषय निघतो. कोणाचे किती, केव्हाचे, व्याज काय, हे सारे एका कागदावर उतरवायचे. डोक्यात असलेले कर्ज रात्री दुप्पट होते. कागदावर उतरले म्हणजे ते जेवढे आहे तेवढेच राहते. त्यातले बँकेचे पुनर्गठन होऊ शकते काय, बँकेत कोणाला सोबत न्यायचे, मेहुण्याशी कोण बोलणार, असे एकेक काम वेगळे काढायचे. आणि ज्याला आज उपाय नाही ते आज नाही, असे मान्य करून बाजूला ठेवायचे.

सहा-आठ भेटींनंतर या गृहस्थांचे कर्ज फिटलेले नसते. बोंडअळी गेलेली नसते. पण ते पारावर आलेले असतात आणि बँकेत जाऊन आलेले असतात. पालट म्हणतात तो हाच. बाहेरून पाहणाराला तो दिसतही नाही.

हे उदाहरण कल्पित असले तरी पद्धत कल्पित नाही. अगदी याच धाटणीच्या उपचाराची गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत रीतसर चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. मला तीत सर्वांत महत्त्वाची वाटली ती गोष्ट अशी की, तेथे उपचार करणारे डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधरही नव्हते. आपल्यासारखीच गावातली माणसे होती, त्यांना या कामापुरते नीट शिक्षण दिलेले होते आणि त्यांच्यावर जाणत्यांची देखरेख होती. तीव्र उदासीनतेच्या रुग्णांपैकी ज्यांना केवळ नेहमीची वैद्यकीय सेवा मिळाली त्यांतले शेकडा ३९ तीन महिन्यांनी आजारातून बाहेर आले. ज्यांना त्या सेवेबरोबर या सहा ते आठ भेटीही मिळाल्या त्यांतले शेकडा ६४ बाहेर आले. वर्षानंतर पुन्हा पाहिले तेव्हाही लाभ टिकून होता. दारूच्या आहारी गेलेल्या पुरुषांसाठी तेथेच अशी दुसरी चाचणी झाली. भेटी मिळालेल्यांपैकी शेकडा ४२ जणांनी तीन महिन्यांनी मागील पंधरवड्यात थेंबही घेतलेला नव्हता. इतरांत हे प्रमाण १८ होते. ज्यांचे पिणे चालूच राहिले, त्यांच्या पिण्याचे प्रमाण मात्र या भेटींनी कमी झाले नाही, हेही त्याच निष्कर्षात नोंदलेले आहे. शास्त्र म्हणजे असे. ते आपल्या उण्या बाजूही लिहून ठेवते. मांत्रिकाच्या वहीत अशी नोंद कोणी पाहिली असेल तर मला अवश्य दाखवावी.

गोवा दूर आहे म्हणाल, तर शेजारच्या अमरावती जिल्ह्यात या. तेथील ३० खेड्यांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प चालला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन या दुखण्याविषयी उघडपणे बोलायचे आणि गरज असेल त्याला मदतीपर्यंत पोचवायचे, असे त्याचे स्वरूप होते. आरंभी उदासीनतेने ग्रस्त असलेल्या शंभरांतले जेमतेम ४ जण कोणाकडे तरी मदतीला जात होते. दीड वर्षाने ते २७ झाले. आपल्या यवतमाळ जिल्ह्याविषयी वर्तमानपत्रांतून जे येत राहिले आणि ज्यासाठी २००६ साली पंतप्रधानांना विदर्भात यावे लागले, त्याची उजळणी मी येथे करीत नाही. या सभागृहात ज्यांच्या घरी ते घडले अशी माणसे बसलेली असतील. शासनाने २०१५ साली विदर्भ-मराठवाड्याच्या १४ जिल्ह्यांसाठी 'प्रेरणा' प्रकल्प सुरू केला, त्यात आपला जिल्हा होता, आणि आशाताईंनी घरोघर जाऊन प्रश्नावलीच्या आधारे खचलेली माणसे ओळखावीत अशी योजना होती. आशाताई दारात आल्यावर 'आमच्या घरी तसे कोणी नाही' म्हणून तिला चहा देऊन वाटेस लावणारी घरेही पुष्कळ असतात.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो योग्य आहे. कापसाला भाव नाही, सिंचन नाही, सावकाराचा तगादा आहे. यावर समुपदेशन हा काय उपाय? उपाय नाहीच. भावाचा प्रश्न भावानेच सुटेल, आणि समुपदेशक नेमला म्हणजे सरकारची जबाबदारी संपली असे कोणी मानू लागले तर त्याचा निषेध करणारांत मीही उभा राहीन. परंतु त्याच गावात, त्याच भावात कापूस विकणारे दहा जण तगून राहतात आणि अकरावा खचतो. त्या अकराव्याला भाव वाढेपर्यंत आपल्यात राखणे हे काम कोणाचे तरी आहे.

आता विचारांच्या बाजूकडे वळतो. अमेरिकेत आल्बर्ट एलिस (१९१३–२००७) नावाचे मानसशास्त्रज्ञ होऊन गेले. त्यांनी १९५५च्या सुमारास एक नवी उपचारपद्धती मांडली. मराठीत तिला विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात. त्यांची एक गोष्ट सांगतो. वडीलधाऱ्यांनी क्षमा करावी. एकोणीस वर्षांचे असताना एलिस अतिशय बुजरे होते, परक्या स्त्रीशी बोलायचे म्हटले की जीभ टाळ्याला चिकटे. त्यांनी निश्चय केला की, न्यूयॉर्कच्या एका सार्वजनिक उद्यानात रोज जायचे आणि बाकावर एकटी बसलेली जी स्त्री दिसेल तिच्याशी दोन शब्द बोलायचे. महिन्याभरात सुमारे शंभरजणींशी ते बोलले. भेटायला येण्याचे कबूल केले ते एकीने, आणि ठरल्या दिवशी तीही आली नाही. पण एकीनेही त्यांना मारले नाही, पोलिसाला बोलावले नाही, आणि आभाळही कोसळले नाही. भीती गेली ती कोणी 'भिऊ नकोस' म्हटल्याने नव्हे, ज्याची भीती होती ते शंभर वेळा करून पाहिल्याने. (आपल्या तरुणांनी हा प्रयोग आझाद मैदानावर करू नये, ही विनंती.)

एलिस यांचे म्हणणे असे की, घटना आपल्याला जितके छळत नाही तितका त्या घटनेविषयीचा आपला हट्ट छळतो. हे त्यांनी एपिक्टेटस या प्राचीन तत्त्वज्ञापासून घेतले. मराठीत हा भेद एका अक्षराने दाखवता येतो. 'माझ्या मुलीला चांगले स्थळ मिळाले पाहिजे' ही इच्छा झाली. 'मिळालेच पाहिजे, नाही तर माझी किंमत शून्य' हा हट्ट झाला. ठरलेली सोयरीक मोडली तर इच्छा बाळगणारा बाप दुःखी होतो, चार दिवस जेवत नाही, आणि पुन्हा कामाला लागतो. हट्ट बाळगणारा बाप तोंड लपवतो, मुलीवर राग काढतो, आणि स्वतःला खातो. सारा फरक त्या 'च'चा आहे. उपचारक हा 'च' हुडकून काढण्यास शिकवतो आणि तो काढून टाकण्याचा सराव करवून घेतो. महाराष्ट्रात ही विचारधारा कि. मो. फडके यांनी रुजवली आणि ठाण्याला १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी स्थापिलेल्या मानसिक आरोग्य संस्थेतून ती लोकांपर्यंत गेली. डॉ. अंजली जोशी यांचे 'मी अल्बर्ट एलिस' हे पुस्तक आपल्या मंडळाच्या वाचनालयात घ्यावे, अशी सूचना जाता जाता करतो.

व्यसनाच्या बाबतीत कुटुंबाचा वाटा किती असतो, ते पुण्याच्या मुक्तांगणवरून कळते. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे आणि सुनीताबाईंच्या साहाय्याने २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्याला हे केंद्र सुरू केले. तेथे आजन्म दारू सोडण्याची शपथ मागत नाहीत. आजचा दिवस राखायचा, उद्याचे उद्या. मोठी शपथ मोडण्याचा अनुभव त्या माणसाच्या गाठीशी पुष्कळ असतो. आणि उपचार केवळ त्याच्यावर होत नाही. पत्नीसाठी वेगळी बैठक असते. नवऱ्याच्या पिण्याचा दोष आपल्यावर घेणारी, त्याचे कर्ज गुपचूप फेडणारी, दाराला कडी लावून शेजाऱ्यांना 'त्यांना ताप आहे' सांगणारी ती बाईही थकलेली असते, तिलाही नवे वळण लागायला हवे असते.

आता ज्यासाठी मी हे व्याख्यान स्वीकारले त्या गोष्टीकडे येतो. आपले मंडळ वधू-वर परिचय मेळावा भरवते, हे उत्तम कार्य आहे. त्या मेळाव्याच्या भीतीनेच आपल्यातली घरे मनाचे दुखणे लपवतात. मुलगा वर्षभर खोलीबाहेर येत नाही, पण 'स्थळे यायची थांबतील' म्हणून त्याला डॉक्टरकडे नेत नाहीत. न्यायचेच झाले तर नागपूरला नेतात, म्हणजे कोणी ओळखीचे दिसणार नाही. आणि मग कोणी तरी ज्येष्ठ आप्त तो सुप्रसिद्ध उपाय सुचवतो : 'लग्न करून द्या, आपोआप मार्गावर येईल.' बंधूंनो, दुसऱ्याच्या घरची विशीतली मुलगी हे औषध नव्हे. तिला काही न सांगता, काही न विचारता आणून त्या खोलीत बसवणे याला मी उपचार म्हणत नाही. याला दुसरा शब्द आहे, तो या व्यासपीठावरून मी उच्चारत नाही. विवाह हा निरोगी माणसांच्याही आयुष्यातला मोठा ताण असतो. ज्याला आधीच तोल सांभाळत नाही त्याच्या डोक्यावर तो ठेवला, तर दोन आयुष्ये मोडतात, आणि पुष्कळदा दोष मुलीच्या पायगुणाला लागतो.

याच्या उलट, उपचार घेऊन सावरलेला मुलगा किंवा मुलगी, आपल्या दुखण्याची खूण ओळखणारी, झोप बिघडू लागली की वेळीच डॉक्टरकडे जाणारी, अशी व्यक्ती संसाराला अपात्र आहे असे कोणी ठरवले? मधुमेहाची गोळी घेणारा जावई आपल्याला चालतो. सोयरीक ठरताना दोन्ही पक्षांनी हे दुखणे उघड बोलावे, आणि ज्याने उघड सांगितले त्याची वार्ता तिऱ्हाइताच्या पारावर नेऊ नये, एवढा नियम मंडळाने आपल्यापुरता केला तरी पुष्कळ होईल. कायद्यानेही २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमात रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे. त्याच कायद्याने असेही मानले आहे की, जिवाचे बरेवाईट करण्याचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली असतो आणि त्याची काळजी घेणे हे सरकारचे कर्तव्य आहे. कायदा इतका पुढे आला, तरी आपण अजून 'घराण्याचे नाव' म्हणून अडून बसलो आहोत.

काही व्यवहाराच्या गोष्टी सांगून पुरे करतो. यवतमाळला वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मनोविकारांचा विभाग आहे. ज्यांना रुग्णालयाची पायरी चढण्याचा संकोच वाटतो, त्यांच्यासाठी केंद्र सरकारने २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा सुरू केली. क्रमांक १४४१६, दिवसरात्र, विनामूल्य, आणि मराठीतून बोलता येते. घरात कोणी जगण्याला कंटाळल्याचे बोलू लागला तर ते बोलणे हसण्यावारी नेऊ नये, त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी मदत मागावी; 'असे विचारले तर त्याच्या डोक्यात यायचे नाही ते येईल' ही समजूत खरी नाही. पहिल्या भेटीला घरातल्या एकाने सोबत जावे, मात्र आत बोलण्यासाठी त्याला एकट्याला सोडावे. बाहेर आल्यावर 'काय काय विचारले?' म्हणून उलटतपासणी घेऊ नये. दोन-तीन भेटींत गुण आला नाही म्हणून सोडून देऊ नये. आणि एका उपचारकाशी सूर जुळला नाही तर दुसरा पाहावा, त्यात कोणाचा अपमान नाही.

माझ्या मनात एक योजना आहे, ती अध्यक्षमहाराजांच्या अनुमतीने मांडतो. आपल्या मंडळाच्या कार्यालयात रविवारी सकाळी जी खोली रिकामी असते, ती महिन्यातून एकदा प्रशिक्षित समुपदेशकासाठी उघडी ठेवावी. दारावर पाटी लावू नये, येणाराचे नाव मंडळाच्या वहीत लिहू नये. खर्चाचा अंदाज मी चिटणीसांकडे दिला आहे. तो वधू-वर मेळाव्याच्या मंडपखर्चाहून कमी आहे.